काँक्रीटचा नाला फोडून बाग पुराला दिली: सिंगापूरच्या बिशानचं प्रकरण

सिंगापूरच्या मध्यावर बिशान आणि आंग मो किओ या दोन वसाहतींच्या मध्ये एक लांबट बाग आहे. 1988 साली ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिच्या कडेनं कल्लांग नदी वाहत होती. पण तिला नदी म्हणायला कुणी धजावलं नसतं. पावसाचं पाणी झटकन पुढं जावं म्हणून आधीच्या दशकांत तिचा सरळ काँक्रीटचा नाला करून टाकला होता. तो 17 ते 24 मीटर रुंद आणि 2.7 किलोमीटर लांब होता, बाजू जवळपास उभ्या आणि वर कुंपण. एरवी तळाशी पाण्याची एक धार असायची आणि पाऊस आला की काही मिनिटांत तो भरून वाहायचा. बागेत येणारी माणसं नदीकडे पाठ करून बसत.

2000 नंतर दोन सरकारी कामं एकाच वेळी पुढं आली. नाल्याचं काँक्रीट जुनं झालं होतं आणि वरच्या बाजूला इमारती वाढल्यामुळे त्याची वहनक्षमता वाढवणं भाग होतं. इकडे बागही वीसेक वर्षांची होऊन नूतनीकरणाला आली होती. नाला पब या जलसंस्थेचा, बाग एनपार्क्स या उद्यान संस्थेची. सरळ मार्गानं गेलं असतं तर पबनं नाला आणखी रुंद, आणखी खोल बांधला असता, एनपार्क्सनं नवी खेळणी आणि फरशा बसवल्या असत्या, आणि मधलं कुंपण जागच्या जागी राहिलं असतं.

झालं ते वेगळंच. नाला फोडून काढला, नदी बागेच्या पोटातून वळणं देत 3.2 किलोमीटर लांब केली, आणि 62 हेक्टरांच्या बागेतली सखल जमीन पुराच्या पाण्यासाठी सोडून दिली. 17 मार्च 2012 रोजी तेव्हाचे पंतप्रधान ली शिएन लूंग यांच्या हस्ते नव्या बागेचं उद्घाटन झालं. साडेसात कोटी सिंगापूर डॉलरहून जास्त खर्च आला. तेव्हापासून नगररचनेच्या सादरीकरणांत हिचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावण्याची रीतच पडली आहे. ते फोटो खरे आहेत, पण दोन फोटोंच्या मधल्या फटीत जे घडलं ते त्यांत दिसत नाही. माझ्या मते शिकण्यासारखं आहे ते तिथंच.

आधी दहा वर्षं मैला काढला

बिशानची गोष्ट 2006 पासून सांगायची पद्धत आहे, कारण त्या साली पबनं नाले, ओढे आणि तलाव लोकांना वापरता येतील असे करण्याचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. खरं तर ती 1977 पासून सांगायला हवी. त्या वर्षी तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कल्लांग खोरं दहा वर्षांत स्वच्छ करा, असं जाहीरपणे सांगितलं. त्या काळचं कल्लांग खोरं म्हणजे वराहपालन, बदकपालन, सांडपाण्याची सोय नसलेल्या वस्त्या, रस्त्यावरचे खाद्यविक्रेते, आणि या सगळ्यांचा मैला नि कचरा पोटात घेणारे ओढे. 1987 पर्यंत ते साफ झालं. त्यासाठी हजारो कुटुंबं हलवली गेली, वराहपालन बंद झालं, विक्रेत्यांना सांडपाण्याच्या जोडण्या असलेल्या बाजारकेंद्रांत नेलं गेलं. हे काम त्या राजवटीच्या धाकाशिवाय त्या वेगानं झालं नसतं. पोटापाण्याचा धंदा मोडलेल्या माणसांना ते किती जड गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याच आराखड्यात नसतो.

परिणाम असा की कल्लांगमध्ये पावसाचं पाणी वाहतं, मैला वाहत नाही. सिंगापुरात सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाळी गटारं यांची जाळी पूर्णपणे वेगळी आहेत. 2001 साली गटारं आणि मलनिस्सारण ही दोन्ही कामं पाणीपुरवठा करणाऱ्या पबकडेच आली. म्हणजे पिण्याचं पाणी देणारी, मैलापाणी शुद्ध करणारी आणि नाले सांभाळणारी संस्था एकच.

याला एक फार व्यावहारिक कारण जोडलेलं आहे. 2008 मध्ये शहराच्या दक्षिण टोकाला मरीना बॅरेज हा बांध झाला आणि कल्लांगसह पाच नद्यांचं पाणी समुद्रात जाण्याआधी अडवलं गेलं. तिथला जलाशय आता गोड्या पाण्याचा आहे आणि ते पाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतात. बेटाच्या जमिनीपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग असा पाणलोट आहे. त्यामुळे बिशानच्या नाल्यात पडलेलं प्लास्टिक, तेल किंवा माती ही पबच्या दृष्टीनं पाणीपुरवठ्याच्या वाटेतली घाण ठरते. नदी लोकांच्या जवळ नेली तर लोक तिची काळजी घेतील, हा विचार भावनिक वाटतो खरा, पण त्यामागे जलशुद्धीकरणाच्या खर्चाचा हिशेब आहे.

हद्द पुसण्याचं काम

दोन खाती एकत्र आली, हे वाक्य लिहायला सोपं आहे. कुठल्याही महापालिकेत काम केलेल्या माणसाला त्यातली मेख लगेच कळेल. नाला एका खात्याच्या अंदाजपत्रकात, बाग दुसऱ्याच्या. पबचं मंत्रालय तेव्हा पर्यावरण आणि जलस्रोतांचं, एनपार्क्सचं राष्ट्रीय विकासाचं. नाल्याच्या अभियंत्याला एकच प्रश्न विचारला जातो: पूर आला का? उद्यान अधीक्षकाचे प्रश्न निराळे: हिरवळ मेली का, दिवे लागतात का, लोक येतात का? नदी बागेत आणायची तर पुराचं पाणी दुसऱ्या खात्याच्या हिरवळीवर पसरणार. ओसरल्यावर राहिलेला गाळ कुणी काढायचा? फूट-दीड फूट पाण्यात बुडालेली पायवाट कुणी दुरुस्त करायची? त्या पायवाटेवर कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?

बिशानमध्ये या प्रश्नांना उत्तर मिळालं, कारण दोन्ही संस्थांनी तो एकच प्रकल्प मानला आणि एकच आराखडा केला. आराखडा जर्मनीतल्या आटेलिए ड्राइसाइट्ल या संस्थेचा होता. तिचे संस्थापक हर्बर्ट ड्राइसाइट्ल हे शहरातल्या पावसाच्या पाण्यावर अनेक वर्षं काम करत आलेले. त्यांच्या सिंगापूर कार्यालयातले लिओनार्ड एनजी प्रकल्पाच्या केंद्रस्थानी होते, आणि अभियांत्रिकीची बाजू सीएच2एम हिल या कंपनीनं पाहिली. भूदृश्यकार (लँडस्केप आर्किटेक्ट) पुढं आणि जलअभियंता त्याच्या बरोबरीनं, अशी ही मांडणी. आपल्याकडे बहुतेक वेळा अभियंत्याचं काम संपल्यावर भूदृश्यकाराला बोलावतात आणि भिंतीवर वेली सोडायला सांगतात.

वेळही महत्त्वाची होती. नाला अजून दहा वर्षं टिकण्यासारखा असता, तर चांगलं काँक्रीट फोडण्याचा प्रस्ताव कुठल्याच वित्त विभागानं पुढं सरकू दिला नसता. नाला तसाही पुन्हा बांधायचा होता म्हणून प्रश्न कशानं बांधायचा एवढाच उरला. असा प्रकल्प कधी मांडावा, याचं उत्तर इथं आहे: जुन्या बांधकामाचं आयुष्य संपतं त्या वर्षी. ते वर्ष चुकलं की पुढची तीस-चाळीस वर्षं गेली.

पाणी हळू केलं तर पूर वाढत नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. गुळगुळीत काँक्रीटवर पाणी वेगानं पळतं. खडबडीतपणा मोजायला अभियंते मॅनिंगचा गुणांक वापरतात. काँक्रीटसाठी तो साधारण 0.015 धरतात, झाडझुडपांचे काठ असलेल्या ओढ्यासाठी 0.04 ते 0.06, कधी त्याहून जास्त. उतार आणि खोली तीच राहिली, तर या फरकानं पाण्याचा वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात नदी 2.7 वरून 3.2 किलोमीटर केली की तेवढ्याच उंचीचा उतार जास्त लांबीवर पसरतो आणि तोही सुमारे 16 टक्क्यांनी घटतो. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे आणखी सातआठ टक्के कमी होतो.

आता एका सेकंदात किती पाणी पुढं जातं, हे वेग गुणिले पाण्याचा छेद इतकं साधं गणित आहे. वेग चौथाई झाला तर तेवढंच पाणी न्यायला छेद चौपट हवा. जुन्या नाल्याच्या रुंदीत हे कधीच बसलं नसतं. म्हणून नव्या नदीचं पात्र दोन पातळ्यांचं केलं. कोरड्या दिवसांत मधून एक अरुंद, उथळ प्रवाह वाहतो, पोरं त्यात घोट्याएवढ्या पाण्यात उतरतात आणि दगडांच्या टप्प्यांवरून पलीकडे जातात. मोठ्या पावसात तेच पाणी दोन्ही काठांच्या उतरत्या गवतावर चढतं आणि पात्र काही ठिकाणी जवळपास 100 मीटर रुंद होतं. वेग घटूनही एकूण वहनक्षमता जुन्या नाल्यापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी वाढली, ती या रुंदीच्या जोरावर.

म्हणजे पुराला लागणारी जमीन एनपार्क्सच्या हद्दीतून आली. बागेची जमीन नसती तर गवत-झुडपांचं हे सारं सौंदर्य जलशास्त्राच्या हिशेबात नापास झालं असतं. बिशानचे फोटो दाखवून 12 मीटर रुंदीच्या, दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या नाल्याचं 'नैसर्गिकीकरण' करू पाहणाऱ्यांनी हे गणित आधी मांडून पाहावं. भिंती काढून झाडं लावली आणि रुंदी तीच ठेवली, तर पूर शेजारच्या तळमजल्यात शिरेल.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लेखांत निसटते. बिशान हा मुख्यतः पाणी वाहून नेण्याचा प्रकल्प आहे, साठवण्याचा नाही. पात्र पसरट झाल्यामुळे पुराचा कळस थोडा बोथट होतो हे खरं, पण ही बाग म्हणजे साठवण तलाव नव्हे. दोन्ही गोष्टींची गणितं निराळी असतात. साठवणीसाठी किती घनमीटर पाणी किती तास धरून ठेवायचं आणि कधी सोडायचं हे ठरवावं लागतं. वहनासाठी कळसाच्या क्षणी किती पाणी पुढं जातं, हे बघावं लागतं.

साठ मीटरची रंगीत तालीम

मला या प्रकरणातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे मुख्य नदीला हात लावण्याआधी झालेला प्रयोग. झाडांच्या मुळांनी आणि फांद्यांनी काठ बांधण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. तिथं थंडीत झाड झोपलेलं असतं, तेव्हा फांद्या तोडून लावतात आणि वसंतात त्या फुटतात. विषुववृत्तावर झोपायचा ऋतूच नाही. इथली झाडं वर्षभर वाढतात, पाऊस वर्षभर कोसळतो, आणि कुठल्या स्थानिक झाडाची फांदी चिखलात खोचली तर मूळ धरते याची पुस्तकी यादीही नव्हती. म्हणून 2009 मध्ये बागेतल्याच एका बाजूच्या गटाराचा 60 मीटर लांबीचा तुकडा घेतला आणि त्यावर दहा वेगवेगळ्या पद्धती, निरनिराळ्या स्थानिक वनस्पतींसह, करून पाहिल्या. त्यांतल्या सात मुख्य नदीसाठी निवडल्या.

काठाच्या एका तुकड्याकडे जवळून पाहू. सगळ्यात खाली, जिथं पाणी काठाचा पाया कुरतडतं, तिथं मोठे दगड टाकलेले, आणि दगडांच्या फटींत झाडांच्या कांड्या खोचलेल्या. त्यावर जिओटेक्स्टाईलच्या कापडात माती गुंडाळून केलेले थर, एकावर एक, किंचित मागं सरकवत रचलेले. दोन थरांच्या मध्ये पुन्हा कांड्या. काही ठिकाणी फांद्यांच्या बांधलेल्या मोळ्या उताराला आडव्या गाडलेल्या, म्हणजे वरून येणारं पाणी तिथं अडखळतं आणि माती सोडून जातं. पाण्याच्या ओळीला लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या गुंडाळ्या. जिथं वळणावर जोर जास्त, तिथं तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन. पाणलोटाच्या कामात गॅबियन बंधारे बांधणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यात नवखं असं काही दिसणार नाही. सुरुवातीला हा सगळा भार दगड, कापड आणि मोळ्या पेलतात. पुढं कांड्या फुटतात, मुळं मातीत घुसतात आणि जसजसं कापड कुजतं तसतसा काठ मुळांच्या ताब्यात जातो. काँक्रीट पहिल्या दिवशी सगळ्यात मजबूत असतं आणि मग उतरणीला लागतं. या काठाचं उलट आहे: पहिले काही महिने त्याचे सगळ्यात धोक्याचे.

पुरात लव्हाळी का तरतात, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पाणी चढलं की लवचीक वनस्पती आडव्या पडतात, जमिनीला चिकटतात आणि खालच्या मातीवर पांघरूण होतं. ताठ झाड तिथंच उभं राहून भोवरा करतं आणि स्वतःच्या बुंध्याजवळची माती खणून काढतं. म्हणून पात्राच्या जवळ लवचीक आणि दूर काठावर मोठी झाडं, हा क्रम पाळावा लागतो.

फोडलेल्या काँक्रीटचं काय केलं, तर त्यातल्या फरशा बागेतच रचून एक टेकडी केली. तिच्यावर चढून बागेचा पुष्कळ भाग दिसतो. भंगार वाहून नेण्याचा खर्च वाचला, आणि जुना नाला कुठं गेला याचं उत्तरही डोळ्यांसमोर राहिलं. बागेच्या वरच्या भागात पाणी शुद्ध करणारा वनस्पतींचा पट्टा आहे. पाणी त्यात टप्प्याटप्प्यानं झिरपतं, मुळं आणि त्यावरचे जिवाणू गाळ नि पोषकद्रव्यं पकडतात, आणि ते पाणी तळ्यांना परत मिळतं. मुलांच्या पाणखेळासाठीच्या पाण्यावर याशिवाय अतिनील किरणांची प्रक्रिया होते. रसायन न वापरता एवढं होतं हे चांगलं, पण पुन्हा सांगतो: हा पट्टा पावसाच्या पाण्यासाठी आहे. त्यात रोजचा मैला सोडला तर तो काही आठवड्यांत बसेल.

नदी चढते तेव्हा

सिंगापुरात वर्षाला साधारण 2400 मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा मुंबईच्या जवळचा, पण तिथं तो बारा महिन्यांत वाटला जातो. मोठे पाऊस तास-दोन तासांचे असतात आणि वरचं खोरं बांधकामानं भरलेलं आहे, त्यामुळे पाणी झपाट्यानं चढतं. बागेत वर ऊन असताना वरच्या अंगाला कोसळलेल्या पावसाचं पाणी येऊ शकतं. घोट्याएवढ्या पाण्यात पोर खेळत असताना ही गोष्ट किती गंभीर आहे, हे सांगायला नको.

उपाय दोन पातळ्यांवर आहे. पहिला जमिनीच्या आकारातच. काठ मंद उताराचे आहेत, त्यामुळे पाणी चढताना माणूस चालत मागं सरकू शकतो. जुन्या उभ्या भिंतींच्या नाल्यात पडलेल्या माणसाला बाहेर यायला वाटच नव्हती. कुंपणामुळे नाला सुरक्षित वाटायचा, एवढंच. दुसरा उपाय यंत्रांचा: पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, पातळी ओलांडली की पेटणारे इशारादिवे, भोंगे आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना. काठावर धोक्याच्या खुणा आणि जीवरक्षक कडी आहेत.

अशा बागेचा खरा कस इथं लागतो. बाग बांधायला एकदा पैसे लागतात. सेन्सर चालू ठेवायला, भोंगा दर महिन्याला वाजवून बघायला, दिव्याची बॅटरी बदलायला दरवर्षी पैसे लागतात, आणि त्या कामाचं उद्घाटन कुणी करत नाही. भोंगा दोनदा उगाच वाजला तर तिसऱ्यांदा लोक उठत नाहीत. एकदा वाजायला हवा तेव्हा वाजला नाही, तर बागेला पुन्हा कुंपण घाला अशी मागणी होते आणि ती मागणी करणाऱ्याला चूक म्हणता येत नाही.

काय साधलं, काय नाही

लोक आले. वर्षाला सुमारे 30 लाख लोक येत ते 60 लाखांच्या घरात गेले. प्राणी-पक्षी-कीटकांची विविधता जवळपास 30 टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं गेलं, आणि त्यासाठी बाहेरून काही आणून सोडलं नव्हतं. 2014 च्या सुमारास पाणमांजरांचं एक कुटुंब इथं राहायला आलं आणि बघता बघता सिंगापूरभर लाडकं झालं. पुढं ते मरीनाच्या बाजूला सरकलं, तिथल्या दुसऱ्या कुटुंबाशी त्यांची हद्दीवरून भांडणं झाली, आणि वर्तमानपत्रांनी ती अगदी चवीनं छापली. हीच मऊ केसांची जात गोव्याच्या खारफुटीत आणि आपल्या सिंधुदुर्गात आहे, मात्र तिचे फोटो काढायला तिथं गर्दी होत नाही.

पण शहराचा पूर या बागेनं थांबवला, असं म्हणणं चूक आहे. 16 जून 2010 रोजी, बागेचं काम चालू असतानाच, ऑर्चर्ड रोड हा सिंगापूरचा सगळ्यात महागडा बाजाररस्ता पाण्याखाली गेला. दोनेक तासांत सुमारे 100 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या भागात द्यायला बाग नव्हती आणि नाला रुंद करायला जागाही नव्हती. मग दोन वेगळे उपाय झाले. 2014 पासून 0.2 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी स्वतःच्या आवारात काही काळ अडवून मगच गटारात सोडणं सक्तीचं झालं. आणि 2018 मध्ये वनस्पती उद्यानाच्या बाजूला जमिनीखाली 38,000 घनमीटरांची साठवण टाकी पूर्ण झाली. पाऊस टिपेला असताना पाणी टाकीत जातं, ओसरल्यावर बाहेर काढलं जातं. वरून टाकी दिसतही नाही. हा उपाय बिशानइतका देखणा नाही, त्याचं कौतुकही तितकं होत नाही, पण दाट वस्तीत बहुतेक वेळा हाच जमतो. मुंबईत हिंदमाताचं पाणी अडवायला परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या गेल्या, त्या याच जातीच्या.

आणि बिशानच्या खाली, शहराच्या बऱ्याच भागात, कल्लांग पुन्हा काँक्रीटमध्येच शिरते. दहा किलोमीटरच्या नदीतले तीनेक किलोमीटर मोकळे झाले.

आपल्या ओढ्यांसाठी यातलं काय घेता येईल

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आहे, हे मुंबईला कळलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुणे आणि परिसरात आंबिल ओढ्यासह आलेल्या पुरानं वीसहून जास्त माणसं नेली. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. तिन्ही ठिकाणी नंतर चर्चेत पुढं आला तो उपाय मुख्यतः एकच: भिंती बांधा, खोल करा, गाळ काढा.

गंमत अशी की महाराष्ट्राच्या पूररेषेच्या नियमांत बिशानचं तत्त्व आधीपासून बसलेलं आहे. नदी आणि निळी रेषा (पूर कुठवर येतो ते दाखवणारी नकाशावरची हद्द) यांच्या मधल्या निषिद्ध पट्ट्यात इमारती नकोत, मैदान किंवा बाग चालेल, असा त्या नियमांचा रोख आहे. म्हणजे पुराला लागणारी जमीन कागदावर राखून ठेवलेली आहेच. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात भराव पडतो, आणि जिथं बाग होते तिथंही ओढ्याच्या बाजूला सहा फुटी भिंत घालून, वर जॉगिंग ट्रॅक करून होते. अशी बाग पुरात कोरडी राहते आणि पाणी पलीकडच्या काठाला ढकलते.

बिशान जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही, याचं मुख्य कारण आपल्या ओढ्यांतून बारा महिने मैला वाहतो. मंद उताराचा काठ करून लोकांना त्या पाण्याजवळ नेणं म्हणजे आजाराला बोलावणं. म्हणून क्रम सिंगापूरचाच घ्यावा लागेल: आधी ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी मैलावाहिनी टाकून सांडपाणी अडवायचं, मग काठाला हात घालायचा. आपल्याकडे वाहिनी ओढ्याच्या पात्रातच टाकतात, चेंबर पात्रात उभे राहतात आणि पावसाळ्यात तेच फुटतात.

एखाद्या महापालिकेला खरोखर करून पाहायचं असेल, तर नदीकाठाच्या हजार कोटींच्या आराखड्यापासून सुरुवात करू नये. जिथं महापालिकेचीच बाग किंवा मैदान ओढ्याला लागून आहे, जिथं वरून सांडपाणी येत नाही किंवा वळवता येतं, आणि जिथली सीमाभिंत तशीही पडायला आली आहे, असा 60 मीटरचा तुकडा शोधावा. करंज, निर्गुडी, वाळुंज, वाळा, लव्हाळा यांतलं काय कुठल्या उतारावर टिकतं, ते दोन पावसाळे बघावं. वाळुंजाची फांदी चिखलात खोचली तर फुटते आणि आपल्या नद्यांच्या पात्रांत ती मुळातच असते. वाळ्याची मुळं खोल जातात. पुराचा वेग किती होता, माती किती गेली, गाळ किती साठला, हे मोजून लिहून ठेवावं. आणि काम सुरू करण्याआधी उद्यान विभाग आणि मलनिस्सारण विभाग यांच्यात एका पानाचा करार व्हावा: गाळ कोण काढणार, भोंगा कोण तपासणार, आणि पाणी चढल्यावर फाटक बंद करायला रात्री दोन वाजता कोण येणार.